भय आधी, वार्ता मागाहून

१९३४ सालच्या जानेवारी महिन्याची १५ तारीख. संक्रांत होऊन एकच दिवस उलटला होता. दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळ यांची भूमी हादरू लागली, आणि ती थांबली तेव्हा मुंगेर व मुझफ्फरपूर या शहरांचा मोठा भाग मातीचा ढीग होऊन पडला होता. काठमांडूच्या खोऱ्यातील भाटगावाचीही तीच गत झाली. मृतांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. लोहमार्ग उखडले, तारा तुटल्या आणि उत्तर बिहारचा मोठा प्रदेश काही काळ जगापासून तुटून पडला.

या भूकंपाची कहाणी पुष्कळांनी सांगितली आहे. मला आज तिची एक आडबाजू सांगावयाची आहे. ज्या मुलुखात धरणीचा कंप जोराने जाणवला, परंतु जेथे घरे उभीच राहिली, माणसे जिवंत राहिली, तेथे पुढच्या काही दिवसांत एकामागून एक आवया उठू लागल्या. पाटण्यावर १८-१९ तारखेच्या दरम्यान भयंकर चक्रीवादळ येणार, अशी एक. नेपाळच्या सीमेकडून पुराचा लोंढा मधुबनीच्या दिशेने धावत येत आहे, अशी दुसरी. २३ जानेवारी हा घातवार आहे, त्या दिवशी कल्पनेपलीकडची संकटे कोसळतील, असे कोणी सांगे. कोणी चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार म्हणे. शेवटी तर २६ फेब्रुवारीला साक्षात प्रलय होणार, इथपर्यंत मजल गेली. भूकंपाच्या क्षणी गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि स्नान करणारी माणसे वाळूत रुतली, हीही वार्ता पसरली होती.

अशा आवया संकटकाळी उठतातच, असे म्हणून आपण त्या सोडून देतो. जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्या सोडून दिल्या नाहीत. त्यांनी त्या टिपून घेतल्या, त्यांची छाननी केली आणि १९३५ साली ब्रिटनमधील मानसशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. अफवा हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही कल्पनाच त्या वेळी नवी होती. या निबंधाचे भाग्य मोठे विलक्षण आहे. पण त्याकडे वळण्यापूर्वी शब्दांविषयी थोडेसे.

अफवेला आपल्याकडे नावांचा तोटा नाही. आवई आहे, वदंता आहे, भुमका आहे; आणि कंडी तर पिकविली जाते, जणू आंब्याची आढीच. खुद्द ‘अफवा’ हा शब्द अरबी भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘तोंडे’ असा आहे. संस्कृतातील ‘किंवदंती’ म्हणजेही ‘लोक काय बोलतात’ ते. पाहा, सगळ्या शब्दांचा रोख बोलणाऱ्या तोंडावर आहे. आपला व्यवहारही त्याच समजुतीवर चालतो: कोणीतरी खोटे बोलतो, इतर ते ऐकून घाबरतात, तेव्हा बोलणाऱ्याचे तोंड बंद केले की काम झाले. वार्ता आधी आणि भय मागाहून, असा हा क्रम आपण गृहीत धरून चालतो. जमुना प्रसादांनी गोळा केलेल्या सामग्रीतून पुढे जो विचार निघाला, त्याने हा क्रमच उलटा करून दाखविला.

हा विचार ज्याला सुचला तो लिऑन फेस्टिंगर हा अमेरिकन संशोधक होता. १९५१ च्या अखेरीस फोर्ड प्रतिष्ठानाच्या सूचनेवरून त्याने एक काम अंगावर घेतले. माणसे एकमेकांना माहिती कशी देतात आणि एकमेकांवर प्रभाव कसा पाडतात, या विषयावरील आजवरच्या संशोधनाची संगतवार मांडणी करावयाची होती. काम तसे कंटाळवाणेच. ते करीत असता बिहारच्या भूकंपावरील निबंध त्याच्यापुढे आला आणि तो अडला. सुखावह गोष्टींवर माणसे चटकन विश्वास ठेवतात, हे समजण्यासारखे आहे. पण या लोकांनी स्वतःला अधिकच घाबरविणाऱ्या वार्ता का रचल्या असतील, आणि रचल्या तर त्या इतक्या आवडीने का स्वीकारल्या असतील? नुकत्याच मोठ्या भयातून गेलेला माणूस दिलासा शोधील. तो प्रलयाची तारीख का शोधतो?

फेस्टिंगरने दिलेले उत्तर असे. या लोकांना भयाचा धक्का बसला होता, यात शंका नाही. पायाखालची जमीन हलली होती, आणि ती बराच वेळ हलत होती. छाती धडधडत होती, झोप उडाली होती. मात्र डोळे उघडून पाहावे तो भिण्यासारखे काहीच दिसत नव्हते! घर जागच्या जागी, शेजारी धडधाकट, बाजार चालू. अंतःकरण म्हणते, भयंकर काहीतरी आहे. डोळे म्हणतात, काही नाही. हा विसंवाद माणसाला सोसवत नाही. भय इच्छेने घालविता येत नाही, तेव्हा भयाला साजेल असे जग उभे केले जाते. वादळ येणार आहे, पूर येत आहे, प्रलय होणार आहे. म्हणून तर मी भीत आहे. या अफवांनी भय निर्माण केले नव्हते. आधीच असलेल्या भयाला त्यांनी कारण पुरविले होते.

हे केवळ बुद्धीचे चातुर्य म्हणून सोडून देता आले असते. सुदैवाने ताडून पाहावयास दुसरा एक अभ्यास हाताशी होता, आणि तोही भारतातलाच. १९५० सालच्या जून महिन्यात दार्जिलिंगच्या डोंगरात प्रचंड दरडी कोसळल्या. प्राणहानी झाली, घरेदारे गेली. दुर्गानंद सिन्हा यांनी तेथील वार्तांचा व अफवांचा अभ्यास करून १९५२ साली तो प्रसिद्ध केला. (अलाहाबाद विद्यापीठातील मानसशास्त्राचा विभाग पुढे नावारूपास आणणारे सिन्हा ते हेच.) दार्जिलिंगच्या लोकांनी संहार प्रत्यक्ष पाहिला होता. त्यांच्या भयाला कारण शोधावे लागत नव्हते, ते समोर पडलेले होते. आणि तेथे, झालेल्या हानीची थोडीफार अतिशयोक्ती सोडली, तर आणखी मोठ्या संकटांची भाकिते पसरलेली आढळली नाहीत. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्यात प्रलयाच्या वावड्या नाहीत, आणि ज्यांचे काहीच गेले नाही त्यांच्यात त्यांचे पीक, असा हा चमत्कार आहे.

या दोन अभ्यासांच्या तुलनेतून जी कल्पना वाढत गेली ती फेस्टिंगरने १९५७ साली ग्रंथरूपाने मांडली. तिला बोधनिक विसंवादाचा सिद्धान्त म्हणतात. ‘बोधन’ म्हणजे माणसाचे जाणणे, समजणे, मानणे. मनातील दोन समजुती परस्परांना छेद देऊ लागल्या की अस्वस्थता उत्पन्न होते आणि ती शमविण्यासाठी माणूस त्यांपैकी जी सहज वाकेल ती वाकवितो, असा त्याचा आशय आहे. आपल्या कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागली, ती याच रीतीने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सामाजिक मानसशास्त्रावर या सिद्धान्ताइतकी छाया क्वचितच दुसऱ्या कशाची पडली असेल. त्याचे बीज मात्र बिहारच्या मातीत पडले होते, हे पाठ्यपुस्तकांतून बहुधा सांगितले जात नाही.

सिद्धान्ताच्या प्रयोगांचा पसारा मोठा आहे व तो सर्वच टिकला असे नाही. मनाविरुद्ध लेख लिहावयास लावले असता मत कितपत बदलते, हा त्यांतला एक प्रसिद्ध नमुना. ३९ प्रयोगशाळांनी मिळून सुमारे ४,९०० जणांवर तो पुन्हा करून पाहिला आणि त्याचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. लेख लिहिणाऱ्यांचे मत त्या बाजूला झुकले खरे. परंतु लेख लिहिणे ज्यांच्या मर्जीवर सोडले होते त्यांचे मत अधिक झुकावे, असे जे सिद्धान्त सांगतो, ते काही दिसून आले नाही. तेव्हा फेस्टिंगरचा शब्द हा अखेरचा शब्द नव्हे, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

भय आधी येते आणि त्याचे कारण मागाहून सापडते, असे का व्हावे? या प्रश्नाची दुसरी बाजू स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांनी १९६२ साली तपासली. जीवनसत्त्वाची सुई आहे असे सांगून त्यांनी विद्यार्थ्यांना ॲड्रेनलिन हे द्रव्य टोचले. त्याने छाती धडधडते, हात थरथरतात. काहींना हा परिणाम आधी सांगितला होता. काहींना मुळीच सांगितला नव्हता. नंतर प्रत्येकाला अशा एका माणसाच्या सहवासात बसविले, की जो ठरवून आनंदाने बागडत होता किंवा ठरवून संतापत होता. ज्यांना आपल्या धडधडीचे कारण ठाऊक होते ते शांत राहिले. ज्यांना ठाऊक नव्हते ते सोबत्याच्या भावनेकडे अधिक झुकले. शरीर क्षुब्ध होते आणि तो क्षोभ कशाचा, हे मन आसपास पाहून ठरविते, असा निष्कर्ष काढण्यात आला. हा निष्कर्षही पुढे जसाच्या तसा राहिला नाही. १९७९ साली दोन ठिकाणी तत्सम प्रयोग झाले. त्यांत असे दिसले की, ज्या धडधडीचे कारण कळत नाही ती आनंदाकडे सहसा वळत नाही, ती अप्रियच वाटते. मला तर ही दुरुस्ती मूळ प्रयोगाहून अधिक बोलकी वाटते. भूकंपानंतर ज्यांची छाती धडधडत राहिली त्यांना शुभवार्ता का सुचल्या नाहीत, हे तिच्यावरून थोडे उमगते.

कारणाची भूक केवळ अडाणी माणसाला असते, असेही समजू नये. याच भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेला ईश्वरी दंड आहे, असे सांगितले. रवींद्रनाथांना ते मुळीच रुचले नाही. भौतिक घटनेला भौतिक कारणेच असतात, आणि असली कारणमीमांसा लोकांच्या अविवेकाला बळ देते, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनी तो आक्षेप १६ फेब्रुवारी १९३४ च्या ‘हरिजन’मध्ये स्वतः छापला व त्याला उत्तरही दिले. या वादाला अफवेच्या पंक्तीस बसविण्याचा माझा हेतू नाही. एवढेच की, ‘हे का झाले?’ हा प्रश्न त्या महिन्यात मधुबनीच्या बाजारात विचारला जात होता तसाच देशातील थोरांच्या पत्रव्यवहारातही विचारला जात होता.

आता वार्तेच्या प्रवासाकडे वळू. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ साली अफवांवर जो ग्रंथ लिहिला त्यातला एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. आगगाडीच्या डब्यासारख्या एका वाहनाचे चित्र एकाला दाखवावयाचे, त्याने ते न पाहिलेल्या दुसऱ्याला वर्णन करून सांगावयाचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच-सहा तोंडे होईपर्यंत सुमारे ७० टक्के तपशील गळून जातो, आणि जो उरतो तो अधिक ठसठशीत होतो. चित्रात एक गोरा मनुष्य हाती वस्तरा घेऊन एका कृष्णवर्णीयाशी बोलत होता. निम्म्याहून अधिक खेपांत तो वस्तरा सांगता-सांगता कोठेतरी गोऱ्याच्या हातून कृष्णवर्णीयाच्या हातात गेला! सांगणाऱ्यांपैकी कोणी लबाड नव्हते. आपापल्या मनात जे चित्र आधीपासून होते तेच त्यांनी सांगितले, इतकेच.

याच दोघांनी अफवेचे एक सूत्रही दिले. गोष्ट जितकी महत्त्वाची आणि तिच्याविषयीची माहिती जितकी संदिग्ध, तितका अफवेला जोर. हा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. दोहोंपैकी एक शून्य झाले की अफवा उरत नाही. सूत्र इतके सुटसुटीत आहे की त्याचा संशयच यावा. परंतु फेस्टिंगर जेथे अपुरा पडतो तेथे ते कामाला येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला. दुसऱ्या दिवशी ‘पुन्हा पाणी आले’ अशी हूल उठली आणि चिखल उपसणारी माणसे हातचे टाकून उंचवट्यांकडे धावत सुटली. या माणसांनी संहार पाहिला नव्हता काय? चांगला पाहिला होता. तो त्यांच्या दारात पडला होता. दार्जिलिंगचा न्याय लावला तर त्यांच्यात अशी अफवा पसरावयास नको होती. मग भेद कोठे आहे? मला वाटते, दरड कोसळली की ती कोसळून गेली, हे डोळ्यांना दिसते. वरच्या बाजूस अजून किती पाणी आहे, हे मात्र पुण्यातल्या माणसाला दिसत नव्हते, आणि आदल्या दिवशी जे घडेल असे बहुतेकांच्या स्वप्नातही नव्हते तेच घडले होते. भयाला कारण होते, पण त्या कारणाची इतिश्री झाली की नाही, हे कळावयास मार्ग नव्हता. भूकंपाचेही तसेच असते. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येत राहतात. बिहारच्या लोकांची भाकिते फेस्टिंगर समजला तितकी निराधार नसावीत, असे म्हणावयास येथे जागा आहे.

एकाच गल्लीत एकच वार्ता येते. एक माणूस ती ऐकून घेतो व दार लावून झोपतो, दुसरा चार घरी सांगून येतो. हा फरक व्यक्तिमत्त्वाचा. व्हिएन्नातून अमेरिकेस आश्रयाला गेलेल्या एल्स फ्रेंकेल-ब्रुन्सविक या विदुषीने १९४९ साली संदिग्धता न सोसण्याची वृत्ती हा एक व्यक्तिमत्त्वाचा विशेष म्हणून पुढे मांडला. तिने वर्णिलेल्या एका चाचणीत कुत्र्याचे चित्र दाखवीत, पुढच्या प्रत्येक चित्रात थोडा-थोडा बदल करीत अखेर मांजरापर्यंत जावयाचे असते. काहींना मधल्या चित्रांत ‘हे कुत्रे की मांजर, सांगता येत नाही’ असे म्हणता येते. काहींना ते म्हणवत नाही. ते पहिल्या उत्तराला चिकटून बसतात. अनिश्चिततेत राहणे हे ज्यांना काट्यावर बसण्यासारखे वाटते, त्यांना कोणतेही निश्चित उत्तर, मग ते भयंकर का असेना, सुटकेसारखे वाटते. १९७३ साली शालेय वयाच्या मुलामुलींवर झालेल्या एका अभ्यासात मुळात चिंतातुर असलेल्यांच्या गटात अफवा अधिक फैलावली, हेही याला धरूनच आहे. तथापि स्वभावावर सारे ढकलून मोकळे होणे बरे नव्हे. प्रसंग पुरेसा बिकट आला की निवांत स्वभावाचा माणूसही पुण्याच्या त्या दिवशी धावलाच असता.

हा सारा विषय जुन्या भूकंपांचा नाही. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे भिक्षेच्या निमित्ताने तेथे आली होती. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी वार्ता त्या भागात आधीपासून मोबाइलवरून पसरली होती. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारले. त्या काळात देशात ठिकठिकाणी असे बळी गेले. देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीत तयार झालेली होती. मुलांना जपा, हे सांगण्यासाठी रचलेला तो देखावा होता; दुचाकीवरून आलेले दोघे मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात. शेवटचा हा भाग कापून टाकून ती फीत आपल्याकडे फिरविण्यात आली. ऑलपोर्टच्या प्रयोगात जे तपशील नकळत गळत, ते येथे कात्रीने गाळले होते, आणि वस्तरा पुन्हा परक्याच्या, दुबळ्याच्या हातात गेला. पण कापलेली फीत पाहून माणूस खून करावयास धावतो, तो नुसत्या फितीमुळे धावत नाही. मूल हरवण्याचे भय प्रत्येक घरात असतेच. त्याला चेहरा नसतो. आणि ओळख नसलेली, अंगावर वेगळा वेष असलेली माणसे बाजारात दिसताच तो मिळतो.

मग नुसत्या इन्काराने काय साधते? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, बोस्टनच्या एका दैनिकाने ‘अफवा चिकित्सालय’ नावाचे सदर चालविले होते. प्रचलित अफवा छापावयाची व तिच्याखाली खुलासा द्यावयाचा. हेतू उत्तम होता. परंतु ज्याने अफवा ऐकलीच नव्हती त्याच्यापर्यंत ती पोहोचविण्याचे काम आपणच करीत नाही ना, ही शंका राहते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने ही शंका बळावली. खरी-खोटी विधाने विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने ऐकविली असता, जी विधाने पुन्हा कानी पडली ती त्यांना अधिकाधिक खरी वाटू लागली. परिचय हाच पुरावा होऊन बसतो. आकाशवाणीवरून ‘अमुक वार्ता खोटी आहे’ असे वारंवार सांगताना ‘खोटी आहे’ एवढेच शब्द नेमके विसरले जाण्याचा धोका आहे. त्यापेक्षा पाण्याची पातळी आत्ता किती आहे, पुढची माहिती किती वाजता दिली जाईल, कोणती गोष्ट अजून कळलेली नाही, हे सांगणे अधिक उपयोगी. कारण त्याने गुणाकारातला संदिग्धतेचा आकडा खाली येतो, आणि न कळलेले न कळलेले म्हणून ठेवावयास माणसाला आधार मिळतो.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरता असा निर्बंध घातला, की एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये. उपाय उचित होता. त्याने तोंडांची संख्या कमी केली. साक्रीच्या बाजारात आलेल्या बापाच्या मनात जे भय त्या दिवशी संदेश येण्यापूर्वीच होते, त्याच्यापर्यंत मात्र तो पोहोचत नव्हता.